फर्निचर घेताना: बिलावर काय लिहून घ्यायचे, डिलिव्हरीला काय बघायचे

विक्रीनंतरची सेवा अडते ती बहुतेकदा बिलावर. बिलात नुसते ‘वॉर्डरोब, १ नग’ असेल, तर पावसाळ्यात फळी फुगल्यावर ती कशाची होती हेच सिद्ध करता येत नाही. पैसे देण्याआधी साहित्य, बोर्डाची जाडी, फोमची घनता, कापडाचा कोड आणि डिलिव्हरीची तारीख लिहून घ्या. ‘इंजिनिअर्ड वूड’ एवढ्यावर समाधान मानू नका. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) दोन्ही त्याच नावाने विकले जातात, आणि पाणी लागले तर पार्टिकल बोर्ड लवकर फुगतो. प्लायवूड सांगत असतील तर शिक्का बघा: आयएस ७१० हे भारतीय मानक म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारे प्लायवूड.

‘५ वर्षे वॉरंटी’ अनेकदा फक्त सांगाड्यावर असते. फोम, कापड, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल आणि हायड्रॉलिक पंप यांची मुदत वेगवेगळी विचारा. कारागिराच्या फेरीचे पैसे कोण देणार, तेही विचारा. हायड्रॉलिक बेड (पंपाच्या जोरावर गादीसकट झाकण उचलून खाली सामान ठेवायचा) घेणार असाल तर गादीचे वजन आधीच सांगा. पंप त्या वजनाला बसवलेला असतो: गादी हलकी पडली तर झाकण पूर्ण बसत नाही, जड झाली तर वर टिकत नाही. पंप बदलायची वेळ आली तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे.

डिलिव्हरीच्या दिवशी घाई करणाऱ्यांना थांबवा. न उघडलेल्या खोक्याचा लेबलसकट फोटो, मग उघडतानाचा व्हिडिओ. खोके तिथेच उघडू देत नसतील तर डिलिव्हरीच्या पावतीवर (चलान) सहीच्या वर ‘माल तपासलेला नाही’ असे लिहा. कोपरा दबलेला दिसला तर तेही तिथेच.

जोडणीनंतर कपाटाची दारे वरखाली दिसली की दोष दारांना दिला जातो. बऱ्याचदा फरशीलाच उतार असतो. आधी लेव्हल लावून पायांखाली पॅकिंग द्यायला सांगा, बिजागरी त्यानंतर. आतल्या बाजूच्या ऑटो हिंजला (दार आपोआप ओढून बंद करणारी बिजागरी) साधारण दोन स्क्रू असतात: दाराजवळचा फिरवला की दार डावीउजवीकडे सरकते, मागचा सैल केला की आतबाहेर. उंची कपाटाच्या बाजूला बसवलेल्या बिजागरीच्या प्लेटच्या स्क्रूंवरून जुळते. हे जोडणाऱ्याकडून त्याच दिवशी करून घ्या, कारण पार्टिकल बोर्डातला स्क्रू पुन्हापुन्हा काढला-लावला की भोक भुसभुशीत होते आणि बिजागरी उखडते. मग लांब स्क्रू मारूनही फार काळ धरत नाही. वॉरंटी संपलेली असेल तर भोक ८ मिमीपर्यंत साफ करा, फेविकॉल लावून त्याच मापाची लाकडी खुंटी ठोका, रात्रभर सुकू द्या आणि मग बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. वॉरंटीत असताना मात्र यातले काहीही स्वतः करू नका. ‘तुम्हीच छेडछाड केली’ म्हणायला त्यांना आयते कारण मिळते.

तक्रार फोनवर सांगून सोडू नका. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर बिल क्रमांक, डिलिव्हरीची तारीख, फोटो आणि नेमकी मागणी (दुरुस्ती, बदली की परतावा) लिहा, तक्रार क्रमांक घ्या. ऑनलाइन घेतले असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेले पाहून गप्प बसू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलात परत घेण्याची मुदत दिलेली नसेल तिथे ३० दिवस धरले जातात.

दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे २ वर्षांच्या आत जावे लागते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मध्येच कारागीर एखादा भाग दुरुस्तीला नेत असेल, तर भागाचे नाव, तारीख आणि परत द्यायचा दिवस लिहिलेली पावती घेतल्याशिवाय तो दाराबाहेर जाऊ देऊ नका.