रुग्ण तपासणीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत या चुका टाळा

नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वसन १२ ते २० हे प्रौढांचे आकडे नर्सिंगच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. परीक्षेत गुण जातात ते खाटेशेजारी उभे राहून तेच आकडे बरोबर घेण्याची सवय नसल्यामुळे, आणि ही सवय केवळ वाचनाने लागत नाही.

सर्वाधिक चुका रक्तदाब मोजताना होतात. मराठवाड्यातील एका रुग्णालयात, एप्रिलच्या दुपारी, एसटीतून उतरून जिना चढून आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याचा रक्तदाब माझ्या विद्यार्थिनीने सदऱ्याच्या जाड बाहीवरूनच कफ, म्हणजे दंडावर बांधायचा हवेचा पट्टा, गुंडाळून घेतला आणि वरचा आकडा १६८ लिहिला. मी बाबांना पाठ टेकवून बसवले, बाही वर सरकवली, हात हृदयाच्या पातळीवर उशीवर ठेवला आणि पाच मिनिटे कोणालाही त्यांच्याशी बोलू दिले नाही. नंतरचा आकडा १४० च्या आत होता. नुकताच घेतलेला चहा, तंबाखू किंवा लोंबकळत ठेवलेला हात एवढ्यानेही आकडा चढतो, आणि दंडाच्या मानाने कफ लहान असला तरीही तो खोटा वाढतो.

रक्तदाब घेताना स्टेथोस्कोपमध्ये ठोक्यांचा आवाज ऐकू आलाच नाही तर घाबरून मध्येच पुन्हा हवा भरू नये. कफ पूर्ण रिकामा करून एक-दोन मिनिटे थांबावे, कोपराच्या आतल्या बाजूला धमनीचे ठोके बोटांनी शोधून स्टेथोस्कोप तिथेच ठेवावा. आधी कफ फुगवत मनगटाची नाडी लागेनाशी होते तो आकडा पाहावा, त्याच्या ३० वर कफ फुगवावा आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने हवा सोडावी. परीक्षकाचे लक्ष बहुधा याच वेगाकडे असते.

श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला सांगितले की त्याचा श्वास बदलतो, म्हणून नाडीवरील बोटे न काढता छातीकडे पाहून पूर्ण मिनिट मोजावे. नाडी अनियमित लागली तर १५ सेकंद मोजून चारने गुणणे चूकच आहे.

पोटाच्या तपासणीत क्रम बदलतो, हे अनेकजण विसरतात. एरवी पाहणे, हाताने चाचपणे, बोटांनी ठोकणे आणि ऐकणे असा क्रम असला, तरी पोटावर आधी ऐकावे लागते, कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात. शुद्धीच्या ग्लासगो मापनात सर्वांत कमी गुण शून्य नसून ३ असतात. डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहावेत.

नोंद करतानाची एक चूक मला विशेष खटकते. रुग्ण म्हणतो, 'अंगात कणकण हाय, हातपाय गळून गेलेत,' आणि विद्यार्थी 'ताप व अशक्तपणा' लिहून मोकळा होतो. ताप हा थर्मामीटरने ठरतो. रुग्णाचे बोलणे त्याच्याच शब्दांत, आपण पाहिले-मोजले ते वेगळे, असे लिहावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चक्कर आणि कोरड सांगणाऱ्या वृद्धाच्या शरीरातले पाणी कमी झाले आहे का, हे त्वचा चिमटीत धरून पाहताना हाताच्या पाठीवरची सैल कातडी फसवते. त्याऐवजी कॉलरच्या हाडाखाली पाहावे, जीभ पाहावी आणि लघवी शेवटची केव्हा झाली हे विचारून वेळेसह टिपावे.