उन्हाळ्यात दुपारचा थांबा: ट्रक लाइनवरच्या पोरांनो, या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात रावेर-सावद्याकडून केळी भरून दिल्लीकडे निघालेले ट्रक दुपारी बारा-एकच्या सुमारास मुंबई-आग्रा रोडच्या ढाब्यांवर उभे दिसतात. जाणता ड्रायव्हर उन्हाळ्यात रात्रीचा रस्ता कापतो आणि टळटळीत दुपार ढाब्यावर काढतो. टायर वाचतात, माल वाचतो, माणूसही वाचतो. पण या चार-पाच तासांत नवीन पोरं जे काही करतात ते बघून जीव वर-खाली होतो. दरवर्षी तेच. कुणी गाणी लावून बसतो, कुणी पाणी दिसलं की उडी टाकतो, कुणी रील बघत पडतो आणि रात्री दोन वाजता स्टिअरिंगवर पेंगतो.

दुपारच्या थांब्याचा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी आणि हलकं जेवण, मग झोप, आणि झोप झाल्यावर उरलेल्या वेळात काय हवी ती मजा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. लाइनवर ते पाळलं जाताना क्वचितच दिसलं. म्हणून तर हा दुपारचा वेळ जपून वापरायचा.

सावली बघून अंथरूण टाकणे

ढाब्यावर खाट रिकामी नसली की पोरं गाडीच्या सावलीला गोणपाट टाकतात. आता विचार करा. दिल्लीकडे जाताना तुमचं तोंड उत्तरेला, गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणजे पश्चिमेला उभी. दुपार कलली की सावली पूर्वेला पडणार, म्हणजे थेट रस्त्याच्या बाजूला. गाडी आणि पांढरा पट्टा यांच्यामधल्या चार फुटांत माणूस झोपलेला मी किती वेळा पाहिलाय! मागून येणाऱ्या ट्रेलरवाल्याला तो दिसतच नाही. परतीच्या वाटेवर तीच सावली शेताकडे पडते, तेव्हा तिथे बसायला हरकत नाही. पण जाताना नाही म्हणजे नाही.

गाडीखाली झोपणं तर त्याहून वाईट. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, झोळी बांधून झोपणारे आहेत, दोन चाकांच्या मधे पाय पसरून झोपणारे आहेत. शेजारच्या गाडीला वाट द्यायची म्हणून क्लिनर चावी फिरवतो आणि खाली कोण आहे हे त्याला ठाऊकच नसतं. ‘चावी माझ्या खिशात आहे’ हे उत्तर मला पटत नाही, कारण उतारावर गाडी सरकायला चावी लागत नाही. माझी सवय सांगतो: गाडी उभी केली की पुढच्या आणि मागच्या चाकाला लाकडी ठोकळे, आणि झोप एक तर केबिनमध्ये किंवा ढाब्याच्या बाजेवर. एका थाळीच्या पैशात बाज मिळते. तेवढे पैसे वाचवू नका.

एका बॅटरीवरून पंखा आणि गाणी

यावर मी बोलायला लागलो की थांबत नाही, कारण ही चूक दर उन्हाळ्यात दहापैकी निम्म्या नव्या पोरांच्या गाडीत सापडते.

ट्रकची विजेची लाइन चोवीस व्होल्टची असते. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. पोरं बाजारातून कारचा टेप, अॅम्प्लिफायर, छोटा पंखा आणतात, आणि हे सगळं बारा व्होल्टचं. मग कुणीतरी अर्धवट मिस्त्री सांगतो, “दोनातल्या एका बॅटरीवरून वायर काढ, झालं काम.” काम होतं, गाणी वाजतात, पंखा फिरतो. पण ती एक बॅटरी रोज उतरत जाते आणि दुसरी भरलेलीच राहते. बॅटरी भरणारा अल्टरनेटर दोघींना मिळून साधारण अठ्ठावीस व्होल्ट देतो, त्यातला वाटा सारखा पडत नाही. उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही आणि भरलेलीला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळून तिचं पाणी उकळून जातं. दोन-तीन महिन्यांत जोडीच बाद.

मध्य प्रदेशात सेंधव्याच्या पुढे एका ढाब्यावर पाहिलेली गोष्ट. दहा चाकी गाडी, केळीने भरलेली, ड्रायव्हर पंचविशीतला. दुपारी बाराला गाडी लावली आणि पाचपर्यंत मोठ्या आवाजात गाणी, वर पंखा, वर दोन मोबाईल चार्जिंगला. संध्याकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. भरलेल्या दहा चाकीला धक्का कोण मारणार? पोरगा घाबरला आणि घाईत एका पिकअपवाल्याला थांबवून त्याच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून वायर जोडायला निघाला. ठिणगी उडाली, क्लॅम्पचं टोक काळं पडलं. बॅटरीतून निघणाऱ्या वायूवर ठिणगी पडली असती तर तोंडावर ॲसिड आलं असतं. तेवढ्यात एक जुने उस्ताद खाटेवरून उठले, त्याच्या हातातली वायर काढून घेतली आणि म्हणाले, “बाळा, आधी बस, पाणी पी.” मग चोवीस व्होल्टचीच दुसरी गाडी शेजारी लागेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. ताडपत्रीखाली केळी तोपर्यंत तापत होती. केळं पिकायला लागलं की स्वतःच गरम होतं आणि शेजारच्या घडालाही पिकवतं. मंडीत पोचल्यावर मालाचा भाव पडला आणि तो तोटा पोराच्या भाड्यातून कापला गेला. पंधरवड्यात दोन्ही बॅटऱ्याही गेल्या. गाण्यांच्या पाच तासांची ही किंमत.

उपाय सोपा आहे. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावा आणि बारा व्होल्टचं जे काही असेल ते त्याच्यावरून घ्या. बॅटऱ्यांच्या जोडीपुढे त्याची किंमत काहीच नाही. तरीही इंजिन बंद असताना मीटरवर लक्ष ठेवा. भरलेली जोडी बंद गाडीत साधारण साडेपंचवीसच्या आसपास दाखवते. साडेचोवीसच्या खाली आली की मी सगळं बंद करतो, मग कुणाचं कितीही आवडतं गाणं चालू असो. मी तर आता केबिनच्या लाइनवर पंखा लावतच नाही. चार्जिंगचा छोटा पंखा रस्त्यात गाडी चालू असताना भरून घेतो, दुपारी तोच पुरतो. बॅटरी बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या. एक जुनी एक नवी हा कंजूषपणा महागात पडतो.

आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्प द्यायचाच झाला तर चोवीसला चोवीसच. आधी प्लसला प्लस, शेवटची मायनसची वायर बंद पडलेल्या गाडीच्या चेसिसला, बॅटरीपासून लांब. हातात विडी नको.

कालव्यात उडी

गुजरातेत नर्मदेचा मुख्य कालवा ४५८ किलोमीटर धावतो. कच्छ-सौराष्ट्राकडची भाडी करणाऱ्यांना तो ठाऊक आहे. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात ते निळं, भरून वाहणारं पाणी दिसलं की माणसाचं मन जातं. मान्य. पण तो कालवा दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या उताराने बांधलेला आहे, आणि पाण्याच्या रेषेला त्या काँक्रीटवर शेवाळ असतं. आत जाता येतं, बाहेर येताना हात ठेवायला जागा नाही.

तापीकाठचा एक क्लिनर पोरगा, लहानपणापासून पोहणारा, माझ्या डोळ्यांसमोर त्यात उतरला. दोन मिनिटं मजेत होता. मग काठाला आला, हात टेकवला, हात घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. वरून पाणी संथ दिसत होतं, पण तो बोलता-बोलता पुढे सरकत होता. चौथ्या-पाचव्या वेळी त्याने ओरडणं बंद केलं, तेव्हा आम्हाला कळलं की दम संपला. ताडपत्रीची दोरी गाडीवरून ओढून काढली, तिच्या टोकाला वीस लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट करून बांधला आणि प्रवाहाच्या पुढे पळत जाऊन फेकला. कॅन तरंगत त्याच्यापर्यंत गेला आणि त्याने मिठी मारली. तिघांनी ओढून वर घेतला तेव्हा गुडघे सोललेले, नखं रक्ताळलेली. बराच वेळ तो एक शब्द बोलला नाही. त्या जागी आमच्याकडे कॅन नसता तर?

नदीचंही तेच. मध्य प्रदेशात खलघाटला नर्मदा दिसते आणि पोरं पुलाखाली उतरतात. वर इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणं आहेत. धरणातून पाणी सुटलं की कडक उन्हात, आभाळात ढग नसताना पातळी चढते. एप्रिल २००५ मध्ये नर्मदेकाठच्या धाराजीला अमावास्येच्या स्नानाला जमलेले कितीतरी भाविक असेच वाहून गेले होते. काठावर भोंगा वाजला तर कपडे गोळा करत बसू नका, आहे तसे वर पळा.

अंघोळ हवीच, उन्हाळ्यात तर दोनदा हवी. ढाब्याच्या मोटरवर करा. पाइप उन्हात पडलेला असतो, पहिलं पाणी भाजतं, म्हणून आधी जमिनीवर सोडून द्या. मोटर बंद असेल तर सकाळीच भरून घेतलेला वीस लिटरचा कॅन आणि पाणी घ्यायला एक मग. मला तेवढ्यात पूर्ण अंघोळ होते. आणि अंघोळीच्या नादात गाडीवर पाणी मारू नका. सेंधव्याजवळचा बिजासन घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक ड्रम तव्यासारखे तापलेले असतात, गार पाण्याने त्यांना तडा जातो.

बंद केबिन, शेगडी आणि एसी

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे फार चांगलं झालं. चाळीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. पण इंजिन चालू ठेवून, काचा चढवून, गाड्यांच्या दाटीत तीन तास झोपणं धोक्याचं आहे. तुमच्या किंवा शेजारच्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. गाडी थांबण्याआधी केबिन गार करून घ्या, मग इंजिन बंद, दोन्ही काचा चार बोटं खाली.

केबिनमध्ये शेगडी पेटवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ शेगडी बाहेर आणून ठेवतो. स्वयंपाक ही लाइनवरची सगळ्यात चांगली करमणूक आहे, असं माझं ठाम मत. दिवस कलल्यावर, डिझेल टाकीच्या विरुद्ध बाजूला, वाऱ्याला फाळक्याचा (ट्रकच्या मागच्या फळीचा) आडोसा करून शेवभाजी टाकायची. उन्हाळ्यात दूध नासतं, भाजी सुकते, पण शेव आठवडाभर टिकते. मसाला घरून वाटून आणलेला असला की वीस मिनिटांत जेवण, आणि शेजारच्या गाडीवालेही ताट घेऊन येतात.

बारीकसारीक, पण रोजचं

पैशावर पत्ते: खेळू नका. भाड्याचा ॲडव्हान्स ढाब्यावर हरलेला माणूस टोल भरायला शेठला काय सांगणार?

दुपारची गार बिअर: ऊन आणि दारू दोन्ही अंगातलं पाणी काढतात, आणि रात्री चालवायचं आहे.

कापून ठेवलेलं कलिंगड घेऊ नका. अख्खं घ्या, स्वतः कापा.

बंद पाण्याची बाटली डॅशबोर्डवर ठेवली की चहा होतो. कॅनव्हासची छागल आरशाच्या दांड्याला बाहेरून बांधा, पाणी वाऱ्याने गार राहतं.

क्रिकेट खेळायचं तर सहानंतर.

समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटरमध्ये कडेला कुठेही गाडी लावून आराम करू नका. ठरवून दिलेल्या थांब्यावरच थांबा.

रील: झोपेच्या आधी नाही, झोपेनंतर. दिल्लीच्या नो-एंट्रीत (ट्रकना शहरात बंदी असते त्या वेळेत) अडकलात की तास भरपूर मिळतात, तेव्हा बघा काय बघायचं ते. घरी व्हिडिओ कॉलही तेव्हाच लावा, पोरं शाळेचा अभ्यास संपवून बसलेली असतात.

जोडीदार बरळायला लागला तर

खेळता-बोलता कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग तव्यागत तापलं, तोल जायला लागला, तर ‘झोपू द्या त्याला’ म्हणू नका. ही उष्माघाताची लक्षणं आहेत. सावलीत न्या, शर्ट काढा, मान, काखा आणि जांघेवर ओलं फडकं ठेवा, वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन लावा, हायवेवर असाल तर १०३३ लाही लावा आणि जवळचा किलोमीटरचा दगड सांगा. शेठला फोन त्यानंतर.