अँबॅसेडरचे हेड स्टड कसे बसवावेत, म्हणजे गॅस्केट गळणार नाही

जुन्या पेट्रोल अँबॅसेडरचं १४८९ सीसी इंजिन म्हणजे बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीचं बी-सिरीज. ब्लॉक बीडाचा, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तेही बीडाचं, आणि हेड धरायला ११ स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे. एवढं दणकट काम असूनही हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) पुन्हापुन्हा गळतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा गॅस्केटचा नसतोच. दोष स्टडच्या भोकाशी असतो, आणि तिथे कुणी बघत नाही. महागडं गॅस्केट आणा, वर सिलिकॉन थापा, नट आणखी आवळा, असले सल्ले ऐकू नका.

पाणी काढा, हेड उतरवा, जुने स्टड काढा. स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळायचे आणि खालच्या नटाला पाना लावून फिरवायचं. जुन्या गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं घासू नका. ओलं करून खरवडा.

आता खरं काम. स्टील पट्टी ब्लॉकवर उभ्या कडेवर ठेवा, मागून टॉर्च धरा आणि प्रत्येक भोकावरून सरकवा. वर्षानुवर्षांच्या ताणाने भोकाच्या तोंडाचे आटे वर ओढले जातात आणि भोवती बारीक कडं उठतं. बोटाला ते जेमतेम लागतं, पण पट्टी त्यावर डुलते आणि बाजूने उजेड दिसतो. हेड या कड्यावर टेकतं, शेजारी गॅस्केट पुरेसं दाबलंच जात नाही, आणि पाणी नाहीतर कॉम्प्रेशन तिथूनच वाट काढतं. नुसतं हेड फेसिंग करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून आणणाऱ्यांचं काम इथेच फसतं: हेड सपाट झालं, ब्लॉकवरचं कडं तसंच राहिलं.

सिलिंडरमध्ये कापड कोंबा आणि काउंटरसिंक (भोकाचं तोंड तिरकं कापणारं हत्यार) हातानेच फिरवून भोकाचं तोंड पहिल्या आट्यापुरतं उतरवा. ड्रिल मशीन लावू नका. क्षणात जास्त खातं. मग आटे साफ करा, पण नव्या धारदार टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) नाही, तो चांगलं मटेरियलही कापून नेतो. जुन्या स्टडच्या खालच्या आट्यांना उभ्या दोन-तीन खाचा पाडा आणि तोच आत फिरवा. आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा. सील टेप गुंडाळून वेळ मारून नेणं मला अजिबात मान्य नाही.

भोक तळापर्यंत कोरडं करा. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड आवळला, तर त्याला बाहेर पडायला जागा नसते आणि दाबाने ब्लॉक तडकू शकतो. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. तार घालून बघा: भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत) उघडत असेल, तर त्या स्टडच्या आट्यांना सीलंट लावा.

स्टड ३/८ इंची. जाड, १६ आट्यांची बाजू ब्लॉकमध्ये. बारीक, २४ आट्यांची नटाकडे. स्टड हाताने टेकेपर्यंतच बसवायचा. पाना लावून तळाशी जाम करणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, त्यांना तिथल्या तिथे थांबवा. हेड धरून ठेवणारा ताण वरच्या नटाने द्यायचा असतो. तळाशी जाम केलेला स्टड ब्लॉकचे आटे आधीच ताणून ठेवतो.

गॅस्केटवर ‘टॉप’ आणि ‘फ्रंट’ लिहिलेलं असतं, ते बघूनच ठेवा. हेड अलगद खाली यायला हवं. अडलं तर कुठला तरी स्टड वाकडा आहे. जाड, कडक वॉशर वापरा, पातळ वॉशर वाटीसारखा दबतो. नटाच्या आट्यांना आणि बुडाला तेलाचं बोट लावा. मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा. ‘अंदाज आहे मला’ म्हणणाऱ्याच्या हाती पाना देऊ नका.

इंजिन पूर्ण गरम करा, पूर्ण गार होऊ द्या, मग त्याच क्रमाने एकेक नट किंचित सैल करून पुन्हा टॉर्क द्या. त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली गॅप, परत सेट करा, कारण गॅस्केट दबलं की ती बदलते.

पुढे कधी रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर असतात तो दांडा) काढायची वेळ आली, तर ११ पैकी ४ नट रॉकरचे ब्रॅकेटही धरतात हे लक्षात ठेवा. बाहेरचे ७ घट्ट ठेवून फक्त हे ४ काढले, तर हेड पिळवटतं आणि पाणी सिलिंडरमध्ये, सम्पमध्ये (खालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी काढा, सगळे ११ नट थोडे थोडे सैल करा, आणि मगच रॉकरला हात लावा.