गोळ्यांमधल्या फळांच्या वासाचे मूळ: प्रयोगशाळेत करून पाहण्याची कृती

लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात नासपती, सफरचंद आणि अननस यांचे कृत्रिम अर्क मांडले होते. ते तपासणारे रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी नोंदवले की नासपतीचा अर्क म्हणजे मद्यार्कात विरघळवलेले अमिल असिटेट (नेमके सांगायचे तर आयसोअमिल असिटेट) होय. दारूच्या भट्टीत मागे राहणाऱ्या, उग्र दर्पाच्या फ्युजेल तेलापासून ते तयार होत असे. इंग्लंडमधल्या नासपतीच्या गोळ्यांना वास आला तो यातूनच, आणि आजच्या केळ्याच्या स्वादाच्या गोळ्यांत व आइसकँडीतही मुख्यतः हेच ईस्टर, म्हणजे आम्ल व अल्कोहोल यांच्या अभिक्रियेतून बनणारे संयुग, असते.

बारावीच्या प्रात्यक्षिकात ‘फळासारखा वास’ एवढेच लिहून आपण पुढे जातो. तो वास नीट ओळखायचा असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली, चष्मा व हातमोजे घालून पुढील कृती करावी. कोरड्या परीक्षानळीत २ मिलि आयसोअमिल अल्कोहोल आणि ३ मिलि ग्लेशियल असेटिक आम्ल घेऊन त्यात संहत सल्फ्युरिक आम्लाचे पाच-सहा थेंब सावकाश टाकावेत. असेटिक आम्ल मुद्दाम जास्त घ्यायचे, कारण ही अभिक्रिया उलटही फिरते आणि उरलेल्या अल्कोहोलचा दर्प ईस्टरचा वास झाकून टाकतो. नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात १५ मिनिटे धरावी. थेट ज्योतीवर कधीही धरू नये, कारण हे द्रव पेट घेतात. थंड झाल्यावर मिश्रण खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात थोडे थोडे ओतावे. फेस येऊन उरलेले आम्ल संपते आणि पाण्यावर तेलकट थर तरंगू लागतो.

हा थर थेट हुंगला तर नेलपॉलिशचा वास येतो आणि प्रयोग फसला असे वाटते. त्यातला एकच थेंब भरपूर पाण्यात ढवळून, हाताने वारा घेत हुंगावा. केळे लगेच ओळखू येते. मला या कृतीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र प्रयोगशाळेतली रसायने खाद्य दर्जाची नसतात, म्हणून हे द्रावण मुळीच चाखू नये.

शेजारी पिकलेल्या केळ्याची चकती ठेवून दोन्ही वास आळीपाळीने घ्यावेत. केळ्यात आयसोअमिल असिटेटखेरीज इतर अनेक ईस्टर असतात, शिवाय लवंगेत असते ते युजेनॉलही अल्प प्रमाणात असते; नळीतल्या वासात नेमके हेच नसते.