अंतरा इंजेक्शन बंद केलं तरी त्रास चालूच? दवाखान्यात जायच्या आधी एवढं करा

अंतरा म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायचं हार्मोनचं इंजेक्शन. माझं शेवटचं होऊन पाच महिने झालेले, पाळीचा पत्ता नाही, मधेच चार दिवस नुसते डाग, केस हातात येतायत, अंगात जीव नाही. सासूबाई म्हणे उष्णता झालीय. एप्रिलात सोलापुरात कुणाला उष्णता होत नाही ते सांगा की!

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. आपण "बंद केलं" म्हणतो ते पुढचा डोस चुकवला त्या दिवसापासून, पण औषध मागच्या डोसचं अंगात असतंच, तीन महिन्यांचं इंजेक्शन हळूहळू सुटत राहतं आणि एकदा टोचलं की काढून टाकता येत नाही. म्हणून शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते कार्डावर बघा. कार्ड हरवलं असेल तर जिथं घेतलं तिथल्या सिस्टरला किंवा आशाताईला विचारा, नोंद असते. दिवस राहायला शेवटच्या डोसनंतर साधारण सात ते दहा महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर, त्यामुळं नुसती पाळी उशिरा येतेय म्हणून घाबरू नका.

पण म्हणून सगळंच इंजेक्शनवर ढकलू पण नका.

जायच्या आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा, मेडिकलमधे किट मिळतं. पाळी आलेली नसताना पण दिवस राहू शकतात, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते. मग मोबाईलमधे लिहून ठेवा, कुठल्या तारखेला रक्त गेलं, दिवसाला किती पॅड, डोकं कधी दुखलं. आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नाहीतर पूजेला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही सांगा, लाजू नका, त्या पण हार्मोनच्याच असतात आणि डॉक्टरला न सांगता घेतल्या की सगळा हिशोब चुकतो.

जवळच्या नागरी आरोग्य केंद्रातून सुरुवात केली तरी चालतं, नाहीतर सरळ सिव्हिलला स्त्रीरोग ओपीडी. सकाळी लवकर जा, केस पेपरच्या लाईनीतच अर्धा जीव जातो. जुने रिपोर्ट आणि कार्ड बरोबर घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या बऱ्याच जणी घरी तेलुगूच बोलतात, मराठीत नीट सांगता येत नसेल तर बहीण नाहीतर जाऊबाई बरोबर न्या, नवऱ्यासमोर काही गोष्टी बोलवत पण नाहीत.

आत गेल्यावर "बरं वाटत नाही" म्हणू नका. "शेवटचं इंजेक्शन अमुक तारखेला, एकूण इतके डोस, तेव्हापासून हे होतंय" असं सांगा. मला एका डॉक्टरनी वर पण न बघता सांगितलं, होतं असं, थांबा. मी तशीच परत आले, ती चूक. थांबा म्हटलं तर विचारायचं, किती महिने थांबू आणि काय झालं तर आधी येऊ? हिमोग्लोबिन, थायरॉईड, गरज असेल तर प्रोलॅक्टिन (हे पण एक हार्मोनच) आणि सोनोग्राफी करायची का तेही विचारा. दुसऱ्या ठिकाणी माझी थायरॉईड तपासली तर टीएसएच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईड कमी काम करत होती, आणि मी महिनोनमहिने इंजेक्शनला शिव्या घालत बसले होते. दोन वर्षांपेक्षा जास्त घेतलं असेल तर हाडांचं पण विचारा, हाडं थोडी विरळ होतात पण बंद केल्यावर बहुतेक भरून येतात.

तासाला एक पॅड भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, टेस्ट पॉझिटिव्ह येऊन पोटात एका बाजूला जोरात दुखतंय किंवा चक्कर येतेय, एकच पाय सुजून दुखतोय, धाप लागतेय, डोकं भयंकर दुखून अंधुक दिसतंय, तर ओपीडीची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करा. मन फार खचलं, जगू नये वाटायला लागलं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला बोला, फुकट आहे.

मूल नको असेल तर त्याच फेरीत कॉपर टी नाहीतर निरोधचं विचारून या, परत लाईनीत उभं राहायला नको.