चढावर गाडी ठोकते? इंजिन उघडायच्या आधी आवाज ओळखा

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर दाबला की जुनी कार्बोरेटरची गाडी डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते आणि मालक 'इंजिन काम निघालं' म्हणून धास्तावतो. पण हा खडखडाट बऱ्याचदा बेरिंगचा नसतोच. आवाज कधी येतो, यावरून निम्मं निदान होतं.

सगळ्यात आधी डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पाहा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर ते भरल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी करू नका.

फक्त चढावर, लोड आल्यावर खडखड होते आणि गिअर खाली टाकला की थांबते? मग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच पेट्रोल आपोआप पेटतंय. टाकी रिकामी होत आली असताना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून तोच चढ चढा. आवाज गेला तर दोष टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), आत साचलेला कार्बन किंवा तापमानाचा. टायमिंग लाइट (टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) लावताना डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाची, व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडलवर खूण मॅन्युअलशी जुळवा. डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटरच्या दिशेने किंचित फिरवली की टायमिंग मागे येतं. टायमिंग बरोबर असूनही ठोकते तर रेडिएटर पाहा. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाड्यांत क्षार साचून तो आतून चोंदलेला असतो.

वरून शिलाई मशीनसारखी टिकटिक म्हणजे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या भागातली फट. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. इंजिन गार की गरम, त्याप्रमाणे मॅन्युअलमधला आकडा वेगळा असतो. आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून टॅपेट घट्ट करणं ही नेहमीची चूक: व्हॉल्व नीट बसत नाही, कडा जळते आणि हेड उतरवावं लागतं. थोडी टिकटिक असू द्या.

सकाळी गार असताना ठकठक आणि तापल्यावर गप्प, तर पिस्टन सैल झालाय. ऑइल खात नसेल तर लगेच सिलिंडर बोअर करायची (आतून कापून मोठा करायची) घाई नको.

खालून येणारा, रेस केल्यावर वाढणारा जड ठोका मात्र गंभीर. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, ती जादा प्लगला लावून प्लग बॉडीला टेकवा आणि थोडा वेळच चालू करा. ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, त्याचं कनेक्टिंग रॉडचं बेरिंग गेलंय. गाडी तिथेच थांबवा. दाट ऑइल किंवा बाटलीतलं औषध घालून आवाज दाबला तर क्रँकचं नुकसान वाढतं.

चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून तळाशी चकाकणारा चुरा आहे का पाहा. बेरिंग धरणाऱ्या प्रत्येक कॅपवर नंबर आणि दिशा खुणा करा, कॅपची अदलाबदल चालत नाही. क्रँकचं जर्नल (बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. अंडाकृती झालं असेल किंवा त्यावर चरे असतील तर ग्राइंडिंग करून त्या कमी झालेल्या मापाचं अंडरसाइज बेरिंग टाका. लेथवरून आलेल्या क्रँकची ऑइलची भोकं डिझेलने धुऊन, ब्रश फिरवून हवेने साफ करा. भोकात राहिलेला कीस नवं बेरिंग काही दिवसांतच खातो, आणि दोष मात्र बेरिंगच्या कंपनीवर जातो.