होम थिएटर: संवाद स्पष्ट ऐकू येत नव्हते, खर्च कुठे केला

संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे, ही तक्रार असेल तर लगेच नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका. पॉवर दुप्पट केली तरी आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो.

आधी फुकटात होणारी कामं. सेंटर स्पीकर, म्हणजे संवाद वाजवणारा मधला स्पीकर, कपाटात आत ढकललेला असतो. तो कडेला आणून पुढचा भाग फळीच्या काठाशी जुळवा, नाहीतर फळीवरून परावर्तित होणारा आवाज शब्द गढूळ करतो. खाली रबराची पाचर घालून त्याचं तोंड कानांच्या दिशेने करा. रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणारा डबा) सगळे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा, म्हणजे त्याखालचा खोल आवाज सबवूफरकडे, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरकडे, जातो. सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा नॉब मात्र पूर्ण वर, म्हणजे रिसीव्हरचा आणि सबवूफरचा असे दोन फिल्टर एकावर एक बसत नाहीत.

सबवूफरची जागा शोधायला तो बसण्याच्या जागी ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बास एकसारखा, न घुमता ऐकू येईल तिथे तो कायमचा ठेवा. मग रिसीव्हरचा माइक कानांच्या उंचीवर ट्रायपॉडवर लावून ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर आवाज मोजून स्पीकर आपोआप जुळवतो ते) पुन्हा करा. सोफ्याच्या पाठीवर टेकवला तर मोजणी बिघडते.

यानंतर पैसे खर्चायचेच तर माझा क्रम असा: जाड गालिचा आणि पडदे, चांगला सेंटर, मग सबवूफर. मागचे स्पीकर शेवटी. महागड्या वायरी तर नकोच, साध्या खोलीत १६ गेज जाडीची तांब्याची वायर पुरते.